गंजात राहिलेलं कापड

मामा,

तुझ्या तेरवीच्या पंगती उठल्यावर संजूनं मला बाजूला घेतलं. नागपुरात लकडगंजातल्या लाकडं कापायच्या आरामशिनीवर दिवसभर ओरडून बोलायची सवय लागलेला तुझा हा मुलगा पहिल्यांदाच इतकं हळू बोलत होता. "ताई, बाबाचं नाव छापलेलं ते पान दे ना मले. सोसायटीच्या हापिसात फ्रेम करून लावू म्हणते सारे." विणकर सोसायटीच्या त्या खोलीत आजवर देवांच्या आणि पुढाऱ्यांच्या तसबिरी लागल्या, विणकराची एकही नाही. मी "देते" म्हणाले. समोर खुर्चीवर तुझा हार घातलेला फोटो होता. त्याच्याकडे न बघता म्हणाले.

तसं पान नाही, मामा. आमच्या उत्खननाच्या अहवालात तुझं नाव कुठेच नाही. मी तुला ते वाचून दाखवलं होतं, तू मान डोलावली होतीस आणि उमरेडच्या अख्ख्या गल्लीला सांगत सुटला होतास. पण जे छापलंच नव्हतं ते मी वाचलं होतं. हे तुझ्याजवळ कबूल करायचं राहून गेलं, असं लिहिणार होते. राहून गेलं नाही, मी टाळलं. आता तू समोर नाहीस म्हणून तोंड उघडतेय. हवं तर हस.

तू हसायचासच. माझ्या नोकरीबद्दलचं तुझं पहिलं मत मला अजून तोंडपाठ आहे. "मेलेल्या माणसाईची भांडी उकरायले पगार भेटते? मंग आमी जित्या माणसाईचे कपडे विनले तर काहून नाही भेटत?" मी तेव्हा नवी नवी पुरातत्त्वाची पदवी घेऊन आले होते, मला राग आला होता. आज तोच प्रश्न मी कार्यशाळांमध्ये विचारते आणि लोक गंभीर चेहऱ्यानं लिहून घेतात. तुझा आहे असं मात्र तिथेही कधी सांगितलं नाही. सवयच म्हण.

तेव्हा तू नागपूरलगतच्या वाडीला होतास. माग बंद करून, ट्रकांच्या धुरळ्यात एका गोदामावर चौकीदारी करायचास. मी मनीषनगरहून तुझ्या भाड्याच्या खोलीवर यायचे तेव्हा तू खाटेवर बसून बोटं चोळत असायचास. "पाय उभे राह्यते, डोये गेटाकडे पाह्यते. हाताले काम नाही वं," म्हणायचास. त्या हिवाळ्यात आमचं उत्खनन उमरेडच्या बाजूला एका माळावर सुरू झालं. मजुरांबरोबर काम करणारा, भरवशाचा आणि जरा जाणता माणूस हवा होता. मी सरांना तुझं नाव सुचवलं. सर म्हणजे उत्खननाचे प्रमुख, ज्यांच्या हाताखाली मी शिकले. तू माझा मामा आहेस हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

तू गोदामावर हंगामापुरता बदली माणूस देऊन आलास आणि ते बिंग पहिल्याच सकाळी फोडलंस. आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, भाची कितीही लहान असो. जीन्स घातलेली, हातात मोजपट्टी घेतलेली मी उभी, समोर सर, मागे वीस मजूर, आणि तू सायकल लावून सरळ येऊन माझ्या पायांना हात लावलास. सर चष्म्यावरून बघत राहिले. "हा काय प्रकार?" मला सांगावं लागलं. ते हसले, वावगं काहीच बोलले नाहीत. पण मी मनात ठरवून टाकलं की मामाची बाजू घेते असं कुणी म्हणता कामा नये. त्या दिवसापासून चारचौघांत मी तुला लांबच ठेवलं. तुझ्या ते लक्षात आलं होतं, तू कधी बोलून दाखवलं नाहीस.

माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं होती. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपली माणसं तिथे पुरली, त्यांच्याजवळ भांडी, मणी, लोखंडाची हत्यारं ठेवली आणि भोवती दगड लावले. आसपासच्या गावांना एवढंच माहीत होतं की हे दगड बांधाला चांगले. तू वर्तुळात उतरण्याआधी चप्पल काढलीस. कुणी सांगितलं नव्हतं. मग बाकीच्यांनीही काढल्या. "कोनाच्या घरात शिरून राहिलो आपण," एवढंच म्हणालास आणि खुरपी घेऊन बसलास. आठवडाभरात तुझ्या हाताखालचा चौकोन सगळ्यांत सपाट दिसायला लागला. सर पोरांना तिथे आणून दाखवायचे, माती अशी काढायची म्हणून.

आता ती दुपार. ती मला टाळता येणार नाही.

सांगाड्याच्या कमरेजवळ लोखंडी कुऱ्हाड सापडली होती. गंजून फुगलेली, वीतभर लांब. मी तंबूत बसून तिच्यावरचा गंज काढत होते. गंज काढला की मूळ आकार दिसतो, असं शिकले होते आणि माझा हात चांगला आहे असा माझा लौकिकही होता. एक बाजू पूर्ण झाली. काळंभोर लोखंड छान उघडं पडलं. दुसरी बाजू वर केली, सुरी लावली, तेवढ्यात तू चहा घेऊन आलास आणि दारातूनच ओरडलास.

"थांब वं बाई! काहून खरवडून राहिली? कपडा हाये तो!"

मी म्हणाले, "मामा, गंज आहे. भेगा पडतात त्याला." तू चहाचे ग्लास खाली ठेवलेस, हात धोतराला पुसलेस आणि विचारलंस, "धरू का?" मी धर म्हणाले. तू कुऱ्हाड तंबूच्या दाराशी नेलीस आणि ऊन आडवं पडेल अशी तिरपी केलीस. मग नखाच्या टोकानं, न टेकवता, वरच्या वर दाखवत गेलास. "हा ताणा. उभा. हा बाणा, आडवा जाऊन राहिला पाह्य. एक वर, एक खालतं. सादा विनलाय. हातानं कातलेलं सूत हाये, एक धागा जाड, एक बारीक. अन् इथं काठ. इथून धोटा मांगं फिरला."

मी भिंग लावलं. होतं, मामा. सगळं होतं, आडवा धागा घेऊन धावणारा धोटा जिथून वळला तो काठही. सूत केव्हाच कुजून गेलं होतं, पण कुजण्याआधी लोखंडाच्या गंजानं धाग्या-धाग्याचा आकार धरून ठेवला होता. कुणीतरी ती कुऱ्हाड कापडात गुंडाळून मेलेल्या माणसाच्या कमरेशी ठेवली होती. आणि त्या कापडाचा अर्धा भाग मी नुकताच सुरीनं काढून वर्तमानपत्रावर झटकला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तूच मला मागाशेजारी बसवायचास. माझी बोटं बारीक, म्हणून तुटलेले धागे मी सांधायचे. आठ वर्षांच्या वयात मला ताणा आणि बाणा डोळे मिटून कळायचा. मग बाबांना नागपुरात नोकरी लागली, आमच्या घरातून मागाचा विषय निघून गेला आणि कॉलेजात कुणी विचारलं की मी "आम्ही उमरेडचे" एवढंच सांगायचे. पुढचं कुणी विचारू नये म्हणून लगेच चहाचं विचारायचे. विणकराच्या घरातली मुलगी कापड खरवडत बसली आणि तिला कापड दिसलं नाही. दुसऱ्या कुणाकडून हे झालं असतं तर अज्ञान म्हणता आलं असतं.

तू वर्तमानपत्रावरच्या त्या लाल भुग्याकडे बघितलंस. मग माझ्याकडे. "जाऊ दे. अर्धा तं हाये ना." आणि चहाचा ग्लास माझ्या हातात दिलास. मी रडेन असं तुला वाटलं असणार.

त्याच वेळी सर आत आले. मी कुऱ्हाड पुढे केली आणि म्हणाले, "सर, कापडाचा ठसा आहे." सरांनी भिंगातून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "गुड ऑब्झर्व्हेशन! फार तयार नजर लागते याला." तू माझ्या शेजारीच उभा होतास. मला फक्त "माझी नाही, यांची" एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, की मग तुला का नाही दिसलं, आणि दुसऱ्या बाजूचं काय झालं? मी गप्प राहिले. तू तर खूश होतास. भाचीला शाबासकी मिळाली, एवढंच तू ऐकलंस असं मी स्वतःला पटवलं.

त्या रविवारी डब्यातली भाकर मोडताना तू म्हणालास, "आपलेच लोक होते ना वं ते." आणि आपलं भांडण सुरू झालं ते तुझ्या शेवटच्या दिवाळीपर्यंत चाललं. मी म्हणायचे, पुरावा काय? मधे अडीच हजार वर्षं गेली, किती लोक आले, किती गेले. आपल्या घरातलीच कथा सांगते की आपले पूर्वज दुसऱ्या मुलखातून इथे आले, मग हे आपले कसे? मला हे बोलताना जोर चढायचा, कारण मी रोज वर्तमानपत्रात बघते, जुन्या दगडांवर हक्क सांगून लोक एकमेकांना कसे हुसकावायला निघतात. माझ्या मामानं त्या रांगेत उभं राहू नये असं मला वाटायचं.

खूप उशिरा, बहुतेक त्या दिवाळीतच, तू करंजी बाजूला ठेवून वैतागून म्हणालास, "तू ऐकूनच नाही राहिली. माह्या बापाचा बाप होता असं मी कवा म्हनलो? मी म्हनलो, विनकर होता. तो कोन जातीचा, कुठून आलता, मले काय करायचं? त्याचा धोटा इथून मांगं फिरला, माहाही तिथूनच फिरते. आपला नाही तं कोन मंग?"

मी तेव्हा विषय बदलला. आज मान्य करते. आपण वारसा म्हटलं की रक्त मोजायला बसतो, कोण आधी आलं ते बघतो. तुला त्यात रस नव्हता. तू काम ओळखलंस आणि काम करणाऱ्याला आपला म्हणालास. यात कुणाला हुसकावून लावावं लागत नाही. मी इतकी वर्षं परिषदांना जाते, पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या टेबलांमागे बसून 'आपलेपणा' या शब्दावर बोलते, पण याहून सरळ कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. त्या भांडणात तू जिंकलास, मामा.

अहवाल छापून आला तेव्हा तू म्हणालास, वाचून दाखव. पुस्तक इंग्रजी. तू चार दिवस उमरेडला आला होतास, मी घरातल्या तुझ्या खाटेवर बसून एकेक वाक्य मराठीत करून सांगत होते. कुऱ्हाडीचं पान आलं. तिथे एवढंच होतं: 'कुऱ्हाडीच्या एका बाजूवर कापडाचा ठसा निदर्शनास आला. दुसऱ्या बाजूचा ठसा टिकलेला नाही.' माझंच वाक्य, मीच लिहिलेलं. तू पुढे वाकून ऐकत होतास. आणि माझ्या तोंडून निघालं, "हा ठसा उमरेडचे विणकर शिवराम बारापात्रे यांनी ओळखला."

तू पुस्तक माझ्या हातातून घेतलंस, त्या पानावरून हात फिरवलास आणि म्हणालास, "राहू दे दोन दिवस माह्यापाशी."

पुढचं तुला माहीतच आहे, पण मला लिहू दे. तू कुऱ्हाडीचा फोटो मोठा करून मागून घेतलास आणि सोसायटीच्या खोलीत नेलास. ज्या खोलीत लोक फक्त कोणाचा माग किती दिवसांपासून बंद आहे ते बोलायला यायचे, तिथे म्हातारे विणकर फोटोवर वाकून भांडायला लागले, सूत किती जाडीचं असेल म्हणून. दोघांनी तर घरून वेगवेगळं सूत आणून लावून पाहिलं. गणपतीत मंडळानं तो फोटो मांडला. संजू, ज्यानं आरामशिनीवर कधी आपण विणकरांचे म्हणून सांगितलं नव्हतं, त्यानं तो मोबाइलवर ठेवला आणि मालकाला दाखवला. तू वाडीची चौकीदारी सोडून घरी परतलास आणि मामीच्या मागे लागून माग पुसून घेतलास. विकायला नाही, दोन पंचे विणलेस फक्त. एक माझ्याकडे आहे. ती खरी कुऱ्हाड एक दिवस उमरेडला आण, असा तुझा हट्ट होता आणि नियमात बसत नाही, असं माझं ठरलेलं उत्तर. ते भांडण अजून मिटलेलं नाही. तिथे मी अजून हरलेली नाही, पण हरायची तयारी आहे.

तर तेरवीची संध्याकाळ. संजूला 'देते' म्हणून मी आत गेले. मामी ताटं पुसून रचत होती. मी दार लोटलं आणि तिला सगळं सांगितलं. खरवडलेली बाजू, सर, ते वाक्य, आणि मी वाचलेलं पण कुठेच नसलेलं नाव. मामी ताटं पुसतच राहिली. मला वाटलं तिला समजलं नाही.

"माहीत हाये मले," ती म्हणाली. "त्यालेही माहीत होतं."

मी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. "कसं?"

"इंग्रजी त्याले येत नव्हतं, पण स्वतःचं नाव कसं दिसते ते माहीत होतं ना. विनकराच्या कार्डावर इंग्रजीत होतं. पहिलं अक्षर सापावानी, वळसे घेतलेलं. ते कार्ड बाजूले ठेवून दोन दिवस पुस्तक पाहून राहिला होता. एकएक पान, बोट लावून. मी म्हनलं, भेटलं का? म्हने, नाही."

"मग गल्लीत कशाला सांगितलं त्यानं?"

"मीही तेच पुसलं. त म्हने, ते म्हनली ना हाये म्हून. मंग हाये. आज तिची छाती नाही झाली. लिहील ते स्वतःच. आपली पोरगी हाये, तुटलेलं तसंच सोडाची नाही."

मामा, मी खूप रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. तू नव्हतास म्हणून नाही. इतकी वर्षं तू माझ्यासमोर बसून जेवलास, भांडलास, माझ्या पाया पडलास, आणि एकदाही तुझ्या डोळ्यांत ते दिसू दिलं नाहीस, म्हणून. तू माझं खोटं सगळ्या गावासमोर स्वतःच्या नावावर घेतलंस आणि माझी वाट बघत बसलास. मला तुझा राग आला. एकदा कान धरून विचारायचं होतंस. मी त्याच दिवशी लिहिलं असतं आणि तुला ते बघता आलं असतं.

मग डोळे पुसून मी संजूला बाहेर बोलावलं आणि त्यालाही सांगितलं. तो बराच वेळ अंगणातल्या खुर्च्या एकात एक घालत राहिला. "म्हणजे फ्रेम नाही," म्हणाला. मी म्हणाले, फ्रेम आहे, थोडे दिवस थांब.

दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला. ते आता निवृत्त आहेत, ऐकायला कमी येतं, त्यामुळे माझी चूक मला ओरडून सांगावी लागली. शेजारच्या फ्लॅटमधल्यांनीही ऐकली असेल. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खरवडलेलं छापून घेतलंस तर तुझ्या हातात पुन्हा कुणी वस्तू देईल का, विचार केलास?" मी हो म्हणाले. "आणि मी त्या माणसासमोर तुझी पाठ थोपटली," ते म्हणाले. "तो काहीच बोलला नाही. लिही. माझंही नाव घाल, न विचारल्याबद्दल." मी त्यांचं नाव घातलं नाही. चूक त्यांची नव्हती.

शुद्धिपत्र मी महिन्याभरापूर्वीच पुरातत्त्वाच्या नियतकालिकाला पाठवलं. स्वीकारल्याचं पत्र आज सकाळी आलं, पुढच्या अंकात पहिल्याच पानावर येईल. मला भीती वाटत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी ते आधीच वाचायला दिलंय. सुरी लावण्याआधी वस्तू उन्हात तिरपी धरून बघायची आणि ज्याच्या हाताला ते काम माहीत आहे त्याला आधी बोलवायचं, हे त्यांना तुझ्या नावानं शिकवते. पुढच्या हंगामात सोसायटीतले दोन विणकर माझ्याबरोबर माळावर येणार आहेत. मामीनं त्यांची नावं सुचवली. ती पहिल्या दिवसापासून कागदावर आहेत.

इंग्रजीत आहे, तेव्हा मराठीत वाचून दाखवते. या वेळी पदरचा एकही शब्द घातलेला नाही. ऐक.

'लोखंडी कुऱ्हाडीवरील कापडाचा ठसा निदर्शनास आला, असे मूळ अहवालात म्हटले आहे. तो शिवराम बारापात्रे यांनी ओळखला. ते उमरेडचे विणकर होते. दुसऱ्या बाजूचा ठसा टिकलेला नाही, हे विधानही चुकीचे आहे. तो अडीच हजार वर्षे टिकला होता. तो मी खरवडून काढला. उरलेला अर्धा त्यांनी वाचवला. ते माझे मामा होते.'